श्रीलंकेत गेलेला काका : ऐंशीच्या आज्जीला कोलंबोला न्यावं का?

गडहिंग्लजकर

नमस्कार. इथं बरेच माजी सैनिक आहेत, परदेशात राहणारी मंडळीही आहेत, म्हणून विचारतोय. थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

माझा धाकटा चुलता मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता. ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेत जाफन्याला लढताना गेला, शांतिसेनेत, म्हणजे भारतानं तिथं पाठवलेल्या फौजेत. वय बावीस. मुली बघणं चालू होतं. माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळं मी त्याला फोटोतच बघितलाय. बेळगावात कसम परेड झाल्यावर स्टुडिओत काढलेला फोटो आहे. मागं पडद्यावर रंगवलेला धबधबा, पुढं हा ताठ उभा, आणि दोन्ही कान बाहेर आलेले. कान आमच्या घराण्याचेच.

तेव्हा रिलायन्स कप चालू होता. वडील सांगतात, मद्रासच्या पहिल्याच मॅचला आपण ऑस्ट्रेलियाकडून एका रनानं हरलो, त्याची हळहळ पारावर किती दिवस चालली होती. रेडिओच्या बातम्यांत जाफन्याचं नाव यायचं, पण बातम्या संपून कॉमेंट्री कधी लागते इकडंच सगळ्यांचे कान. दिवाळीच्या तोंडावर तार आली. इंग्रजीत. हायस्कूलच्या मास्तरांनी वाचली आणि घरात न जाता आधी आज्जोबांना गोठ्यात गाठलं.

पुढं पलटणीतली दोन माणसं आली. काळी पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, आणि कापडात बांधलेला कलश. पेटीत कपडे, दाढीचं सामान, घरून गेलेली आंतर्देशीय पत्रं सुतळीनं बांधून ठेवलेली, आणि एक तीन घड्यांची जपानी छत्री. लढाई पेटायच्या आधी ऑगस्ट-सप्टेंबरात पोरांनी तिथल्या बाजारात बरीच खरेदी केली होती म्हणे, आपल्याकडं न मिळणाऱ्या वस्तूंची. शेवटच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं, आईला छत्री घेतली आहे, पिशवीत मावते. आमच्याकडं तेव्हा वाकड्या मुठीच्या लांब काळ्या छत्र्या. आज्जीनं ती जपून वगैरे ठेवली नाही. रानात, बाजारात, लग्नाला, मयताला, सगळीकडं तीच. काडी मोडली की आठवडी बाजारात छत्रीवाल्याकडं. कापडही बदलून झालंय. आता मूठ तेवढी मूळची असेल.

कलश नरसोबाच्या वाडीला सोडला. दहावं, बारावं रीतसर झालं. त्या दोन जवानांना आज्जीनं एकच विचारलं होतं, "ह्यात त्योच हाय कशावरनं?" त्यातल्या एकानं मान खाली घातली, एवढं वडिलांना आठवतं.

तिथंच सगळं अडकलं. आज्जीनं त्याचं नाव रेशन कार्डावरून कमी करू दिलं नाही. आज्जोबा गेले तरी नाही. तलाठी ओळखीचा होता, त्यानंही कधी नेट लावला नाही. १९९९ ला नवी केशरी कार्डं आली तेव्हा ते नाव आपोआप गळालं, आणि आज्जी दोन दिवस जेवली नाही. त्याच उन्हाळ्यात कारगिल झालं. शेजारच्या तालुक्यात एक जवान तिरंग्यात गुंडाळून आला, ट्रक फुलांनी भरलेला, हजारो माणसं. आज्जी हट्टानं गेली होती. परत आल्यावर चूल पेटवता पेटवता म्हणाली, "त्यांचं पोर घरला तरी आलं. आमचं का न्हाई आणलं?" उत्तर कुणाकडंच नव्हतं.

बाकी काय सांगू. कामासाठी एका सरकारी कार्यालयात गेलो तर तिथल्या साहेबानं विचारलं, श्रीलंकेत कुठलं युद्ध झालं होतं? शाळेत २६ जानेवारीला पोरं भाषणात "सीमेवर लढताना" म्हणतात. आज्जी पहिल्या रांगेत बसलेली असते, तिथूनच दुरुस्ती करते, "शिमेवर न्हाई, समिंदराच्या पल्याड."

आता मुद्दा. एप्रिल २०२५ मध्ये पंतप्रधान कोलंबोला गेले, तेव्हा शांतिसेनेच्या स्मारकावर फुलं वाहताना टीव्हीवर दाखवलं. मागं काळ्या दगडाची भिंत, तिच्यावर नावंच नावं. आज्जी टीव्हीच्या इतकी जवळ गेली की काचेला नाक लागेल. "त्या दगडावर आमच्या पोराचं नाव असंल काय?" तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी हा विषय निघतोच. मी पुण्यात नोकरीला आहे, पैशाची तशी अडचण नाही. पण वडिलांचा ठाम विरोध आहे. त्यांचं म्हणणं, इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं, म्हातारीला तिथं काही झालं तर? आणि तिच्या गुडघ्यांनी आधीच राम म्हटलाय.

माझे प्रश्न : त्या भिंतीवर नाव आहे की नाही हे जायच्या आधी कळतं का? वयस्क माणसाला तिथं नेलेलं कुणी आहे का? आणि आज्जीच्या त्या दोन प्रश्नांना, का नाही आणलं आणि कलशात तोच होता कशावरून, कुणी माहीतगार उत्तर देईल का?

---

निवृत्त सुभेदार, सातारा

राम राम.

मी तिथं होतो. पलटण दुसरी, पण ताडाची झाडं नि लाल माती तीच. मोबाईलवर बोटानं लिहितोय, काही चुकलं तर पोरं नीट करून घ्या.

आज्जींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. कारगिलच्या आधी फौजेत सर्रास मृतदेह घरी पाठवायची रीतच नव्हती. ६२, ६५, ७१, कधीही बघा. जो जिथं पडला तिथंच त्याची पलटण त्याला अग्नी द्यायची, आणि घरी अस्थी नि पेटी जायची. कारगिलला पहिल्यांदा सगळ्या देशानं पेट्या गावात येताना पाहिल्या, म्हणून लोकांना वाटतं पहिल्यापासून असंच होतं. तेव्हा आज्जींना सांगा, त्यांच्या पोराला कुणी टाकून आलं नाही. सगळ्यांना तोच कायदा होता.

दुसरा प्रश्न अवघड आहे. गोड बोलून वेळ मारून नेणार नाही.

ऑगस्टात आम्ही उतरलो तेव्हा जाफन्याच्या लोकांनी हार घातले होते. जुलैच्या २९ तारखेला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, आम्ही शांतता ठेवायला आलो होतो, एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांची हत्यारं जमा करून घ्यायला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच गल्ल्यांतून आमच्यावर गोळ्या यायला लागल्या. त्यांच्याकडं एके-४७, आमच्याकडं एसएलआर रायफली. धड नकाशे नव्हते. घराघराला ताडाच्या झावळ्यांचं कुंपण, घराघराला विहीर, फाटक ढकललं की सुरुंग. रस्त्याखालीही सुरुंग पेरलेले. एक गल्ली पार करायला दिवस जायचा. माणूस पडला तर त्याला उचलायला गेलेला दुसरा पडायचा, म्हणून कधी कधी रात्र होईपर्यंत थांबावं लागायचं, कधी दोन रात्री. आणि तिथली हवा तुम्हाला माहीत नाही. याहून जास्त मी लिहीत नाही, आज्जींना वाचून दाखवणार असाल तर हे वाक्य गाळा.

जाफन्याजवळ पलालीच्या हवाई तळावर आणता आलं की पंडितजी असायचे, मंत्र व्हायचे, सलामी व्हायची. प्रत्येकाची वेगळी चिता, वेगळी चिठ्ठी, वेगळं भांडं. ज्यांचं असं झालं त्यांचं नीटच झालं. पण त्या आठवड्यात प्रत्येकाचंच तसं झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. जाफना विद्यापीठाच्या मैदानात ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीस जण हेलिकॉप्टरनं उतरले. एकोणतीस गेले, एक पकडला गेला. त्या एकोणतीस घरांत काय पोचलं असेल, तुम्हीच विचार करा.

तुमच्या घरी आलेल्या जवानानं मान खाली घातली ना? मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. "हो, तोच आहे" म्हणायला त्याला काही पैसे पडत नव्हते. एक मात्र खात्रीनं सांगतो. कलशात जो कुणी होता तो त्याच्याच पलटणीचा होता. तुमच्या आज्जीनं वाडीला ज्याला सोडलं त्याला कुणाच्या तरी आईनं सोडलं. आणि दुसऱ्या कुठल्या तरी गावात तुमच्या काकाला.

आता कामाचं. पेटीवरचा नंबर अजून वाचता येतो का बघा. तो नंबर, नाव, पलटण आणि तारखेची तार असेल तर तिची प्रत लावून बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयाला अर्ज करा. कुठं, कशात, कोणत्या कंपनीत असताना, हे त्यांच्याकडं असतं. अर्ज कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला तर लवकर हलतो. कंपनी कळली की मला सांगा, त्या कंपनीतला जिवंत माणूस शोधून काढणं माझ्याकडं लागलं. आमचे लोक अजून एकमेकांना धरून आहेत.

दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक फेब्रुवारी २०१९ मध्ये झालं. तिथं त्यागचक्रात ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत पंचवीस हजारांच्या वर नावं आहेत, आमच्या श्रीलंकेच्या पोरांचीही. संध्याकाळी तिथं एका वीराच्या घरच्यांच्या हातून पुष्पचक्र वाहतात. कोलंबो जमलं नाही तर दिल्ली आहे.

२४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला बोट लागली तेव्हा मुख्यमंत्री स्वागतालाही आले नाहीत. ते असो.

---

परखड

भावनांचा आदर आहेच, पण एक बोलतो. ती लढाई आपली नव्हतीच. दुसऱ्याच्या घरच्या भांडणात राजीव गांधींनी सैन्य घातलं, अकराशे-बाराशे जवान फुकट गेले, आणि हातात काय आलं? तिथं जाऊन फुलं वाहण्यापेक्षा हा प्रश्न विचारायला हवा. बाकी चालू द्या.

---

निवृत्त सुभेदार, सातारा

विचारा की. पण दिल्लीत बसणाऱ्यांना विचारा. बावीस वर्षांच्या पोराला विचारून कुणी पाठवलं नव्हतं आणि त्यानंही "ही लढाई आपली आहे का" असं विचारून बोटीत पाय ठेवला नव्हता. आमच्याबरोबर ८ महारचे मेजर परमेश्वरन होते, मुंबईत जन्मलेले. २५ नोव्हेंबर ८७ ला छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच पाडलं आणि मग गेले. परमवीर चक्र मिळालं. त्यांच्या घरच्यांसमोर "फुकट" हा शब्द काढून दाखवा.

राजकारणावर वेगळा धागा काढा, तिथं मीही येतो. माझ्याकडंही पुष्कळ साठलंय. इथं नको.

---

कोलंबोवासी मावशी

नवऱ्याच्या नोकरीमुळं मी इथं कोलंबोत बरीच वर्षं आहे. स्मारक माहितीचं आहे, म्हणून लिहिते.

ते शहराच्या मध्यात नाही, श्री जयवर्धनपुरा कोट्टेला आहे, संसदेच्या बाजूला. श्रीलंका सरकारनंच बांधलंय. काळा दगड, नावं इंग्रजीत. १५ ऑगस्टला आपले उच्चायुक्त तिथं पुष्पचक्र वाहतात. एरवी गर्दी नसते, त्यामुळं आज्जींना हवा तितका वेळ बसता येईल. मुंबईहून थेट विमान आहे, अडीच तासांचा प्रवास, चाकाची खुर्ची तिकिटाबरोबरच मागून घ्या. व्हिसाचा अर्ज ऑनलाइन होतो. भारतीय उच्चायुक्तालयाला आधी एक ईमेल टाकून ठेवा, सैनिकाची आई येते आहे म्हटल्यावर ते दुर्लक्ष करणार नाहीत असं मला वाटतं.

पण तिकीट काढायच्या आधी मला काकांचं नाव, नंबर आणि पलटण खाजगी निरोपात पाठवा. मी जाऊन बघून येते. मराठी आडनावाची इंग्रजीत काय वाट लागते ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा शक्य तेवढी सगळी स्पेलिंगं लिहा. एवढ्या लांब येऊन आज्जींना भिंतीवर शोधत बसायची वेळ येऊ नये. कुठल्या बाजूला, किती उंचीवर, त्यांचा हात पोचतो का, हे सगळं आधी कळलेलं बरं.

आता जरा नाजूक गोष्ट. तुम्ही विचारलं नाहीत, पण इथं आल्यावर "जाफन्यालाच जाऊ या" असं आज्जी म्हणतीलच. मी आई असते तर म्हटलं असतं. जाता येतं. रस्त्यानं, रेल्वेनं जाता येतं, चेन्नईहून तर २०१९ पासून पलालीला विमानही सुरू झालंय, म्हणजे तुमच्या सुभेदारसाहेबांनी सांगितलेला तोच तळ. पण शांतिसेनेतल्या जवानाची आई म्हणून तिथं जाताना एक माहीत असू द्या. त्याच दिवाळीत, २१ ऑक्टोबरला, जाफन्याच्या सरकारी इस्पितळात भारतीय सैनिक शिरले आणि डॉक्टर, नर्स, रुग्ण मिळून साठ-सत्तर माणसं मारली गेली. एलटीटीईनं आतून गोळीबार केला, असं आपल्या सैन्याचं म्हणणं. तिथले लोक ते मानत नाहीत. दरवर्षी दिवाळी आली की तिथं त्या डॉक्टरांची आठवण निघते.

आमच्या इमारतीत जाफन्याच्या एक बाई राहतात, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. आमची चांगली ऊठबस आहे, त्यांच्याकडचं सांबार माझ्याकडं, माझ्याकडचं थालीपीठ त्यांच्याकडं. तुमचा धागा वाचून मी त्यांना सगळं सांगितलं. छत्रीचंही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आम्हीच हार घातले होते, माझ्या वडिलांनी स्वतः. आणि मग म्हणाल्या, "स्मारकाला मी येणार नाही. पण त्या बाईंना घरी आण, मी चहा करते." मी पुढं काही विचारलं नाही.

म्हणून माझं मत : कोलंबोला जरूर आणा. जाफन्याचं आज्जींची तब्येत आणि त्यांना कितपत सांगायचं ते बघून ठरवा. पण न सांगता नेऊ नका.

---

ताई, कोरेगाव

मी इथं फारशी लिहीत नाही. माझा भाऊ पण शांतिसेनेतच गेला, ८८ साली. आमच्याकडं पण पेटीच आली.

आमचं कोलंबो झालं नाही. २०१९ ला स्मारक झाल्यावर मी आईला दिल्लीला नेलं. लोकांना वाटतं आई तिथं कोसळली असेल, रडली असेल. तसलं काही झालं नाही. तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरलं आणि एकेका अक्षरावरून फिरवलं. म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं हो आई, एवढंच. मग म्हणाली, "शेजारी कोण हाय? वाच की." मी शेजारची नावं वाचली. वरची वाचली, खालची वाचली. एक कुठला पंजाबी, एक मद्रासकडचा. तिनं प्रत्येकाचं गाव विचारलं, ते काही तिथं लिहिलेलं नव्हतं. तिला ते पटलं नाही, गाव कसं लिहीत नाहीत म्हणून तिथल्या पहारेकऱ्याशी मराठीत बोलायला लागली. तो बिचारा हसून हो हो म्हणत होता. मग चहा मागितला. परतीच्या गाडीत मनमाडपर्यंत झोपली.

घरी आल्यावर मात्र बायका भेटायला आल्या की सांगायची, पोरगा एकटा नाही, चांगल्या पोरांच्यात आहे. दोन वर्षांनी गेली.

तुमच्या वडिलांना दुखवायचं नाही मला. ते पण भावालाच रडत असतील, पुरुष माणूस सांगत नाही. पण आज्जीचं आज्जीला विचारा. आणि वडिलांना पण बरोबर न्या. माझा थोरला भाऊ आला नव्हता, त्याला अजून लागून राहिलंय.

---

गडहिंग्लजकर

सगळ्यांचे उपकार. शनिवार-रविवार गावी गेलो होतो म्हणून उशीर.

सुभेदारसाहेब, तुम्ही सांगितलेलं वाक्य गाळलं, बाकी सगळं आज्जीला वाचून दाखवलं. वडील दारात उभे राहून ऐकत होते. "दुसऱ्या कुठल्या तरी गावात तुमच्या काकाला" इथं आलो तर आज्जीनं मला थांबवलं. "परत वाच." परत वाचलं. मग विचारलं, त्या गावाला नदी असंल का? मी म्हटलं असेल. "मग झालं," म्हणाली आणि शेंगा फोडायला लागली. मला वाटलं विषय संपला. अर्ध्या तासानं म्हणाली, त्या मान खाली घातलेल्या पोराला जेवायला घातलं होतं काय आपण? वडील म्हणाले, घातलं होतं, झुणका-भाकरी. तेव्हा बरं वाटलं तिला.

पेटी माळ्यावरून काढली. नंबर वाचता येतोय, शेवटचा आकडा जरा पुसट आहे, पण तारेवर पूर्ण आहे. बेळगावचा अर्ज या आठवड्यात टाकतोय.

मावशी, तुम्हाला निरोप पाठवलाय, आडनावाची पाच स्पेलिंगं लिहिली आहेत. शेजारच्या बाईंचं आज्जीला सांगितलं. इस्पितळाचंही सांगितलं, तुमचं म्हणणं पटलं म्हणून. ऐकून घेतलं. "त्या बाईचं कोण गेलं?" असं विचारलं, मला माहीत नव्हतं. चहाला जायचं नक्की आहे. जाफन्याचं अजून काही बोललेली नाही.

ताई, वडिलांपुढं तुमचंही वाचलं. ते काही बोलले नाहीत, पण रात्री मला विचारत होते, त्यांचा पासपोर्ट काढायला किती दिवस लागतील. त्यांच्या पासपोर्टची अडचण नाही, आज्जीची आहे. जन्माचा दाखला कुठला असणार? आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे, गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांसारखी. एवढ्यावर पासपोर्ट होतो का, कुणाला अनुभव असेल तर सांगा.

आणि शेवटचं, हसू नका. आज्जीचा हट्ट आहे की घरच्या झाडाचा नारळ नेऊन तिथं फोडायचा. विमानात नारळ चालतो का?

---

कोलंबोवासी मावशी

पासपोर्टचं : माझ्या सासूबाईंचा आधारवरच झाला होता, पण आता काय चालतं ते पासपोर्ट कार्यालयात विचारून घ्या. नाव, पत्ता सगळीकडं एकसारखा आहे का तेवढं बघून घ्या.

नारळाचं : सुका बॅगेत ठेवलात तर मुंबईलाच काढून घेतील, ओल्याचं विमान कंपनीला विचारा. पण आज्जींना म्हणावं, श्रीलंकेत नारळ घेऊन येणं म्हणजे कोकणात आंबे घेऊन जाणं. इथं लागेल तेवढा मिळेल. त्यांचा हट्ट असेल तर घरची मूठभर हळद-कुंकू आणा, ते इथं आपल्यासारखं मिळत नाही. आणि स्मारकावर नारळ फोडू देतात का, ते उद्या नाव बघायला जाईन तेव्हा पहारेकऱ्याला विचारून सांगते.